चौघांचं शेत, एकाचा इन्व्हर्टर

(दृश्य: जुळे सोलापूर. रात्रीची खोली, लॅपटॉपवर शेत. हेडफोनमधून हाक: "लाईट हाय का रे तिकडं?")

स्टारड्यू व्हॅली. शेती करा, मासे धरा, खाणीत उतरा. एरिक बरोन यांनी एकट्यानं बनवलेला हा खेळ २०१६ मध्ये आला. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायची सोय २०१८ मध्ये झाली.

चौघांचा एक जण होटगी रोडला, एक सात रस्त्याजवळ, एक नोकरीपायी पुण्यात. तरी शेत एकच, आणि ते राहतं यजमानाच्या, म्हणजे ज्यानं शेत काढलं त्याच्या, कॉम्प्युटरवर. तो आला नाही तर बाकीचे बाहेरच. त्यात खेळ सेव्ह होतो फक्त दिवस संपल्यावर. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं, यजमानाकडची लाईट गेली, राउटर बंद पडला, की सगळेच बाहेर. त्या दिवशी घातलेलं पाणी, धरलेले मासे, खणलेलं तांबं, सगळं गेलं; पुन्हा सकाळी सहापासून सुरुवात. पाहुण्याचं नेट गेलं तर तो एकटाच गळतो आणि परत येऊ शकतो. म्हणून यजमान निवडताना लॅपटॉप कुणाचा भारी हे बघू नका. ज्याचा राउटर इन्व्हर्टरवर आहे, शेत त्याच्या नावावर. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते.

नवं शेत काढताना को-ऑप (मिळून खेळायचा पर्याय) निवडून तीन केबिन, म्हणजे तिघा मित्रांची घरं, तिथंच मागून घ्या. नंतर हव्या झाल्या तर सुतारकाम करणाऱ्या रॉबिनकडून बांधून घ्याव्या लागतात. मग ऑप्शनमधला इन्व्हाइट कोड ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. पीसीवाला आणि कन्सोलवाला एका शेतात येऊ शकत नाहीत.

(दृश्य: दुकानाची चौकट. एक पात्र पिशवीसमोर घुटमळतंय.)

भांडण होतं ते पैशावरून. सुरुवातीला गाठीला ५०० नाणी. पैसा सामाईक ठेवला तर पुढं कुणीतरी २,००० ची मोठी पिशवी घेतं आणि बियाण्याला काही उरत नाही. आधी बी, मग पिशवी, एवढं बोलून घ्या.

खेळातला दिवस सकाळी सहा ते रात्री दोन. आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटं. एकटं खेळताना मेनू उघडला की वेळ थांबते, चौघांत थांबत नाही. पेटीतलं सामान लावत बसलात तर दुपार होते. झोपायलाही सगळे लागतात. एक जण खाणीत राहिला की तिघं अंथरुणात वाट बघतात. बाहेरच दोन वाजले तर माणूस कोसळतो आणि पैसेही कापले जातात.

कामाची वाटणी मात्र समान करू नका. कापणीचा अनुभव ज्यानं कापलं त्यालाच मिळतो. सगळ्यांनी थोडं थोडं कापलं तर शेतीची सहावी पातळी लवकर कुणीच गाठत नाही, आणि आठ चौकोन भिजवणाऱ्या स्प्रिंकलरची कृती त्याच पातळीला मिळते. पाणी सगळ्यांनी घालावं, कापणी एकाचीच. तोवर खाणीतला माणूस लोखंड-सोनं जमवेल. ते स्प्रिंकलरला लागतंच.

मालदांडी ज्वारीला चार महिने देणाऱ्या जिल्ह्याला इथला हिशोब घाईचा वाटेल. ऋतू २८ दिवसांचा, आणि तो बदलला की वसंतातली पिकं वाळून जातात. फुलकोबी १२ दिवसांची. १६ तारखेनंतर लावली तर ८० नाणी मातीत.