काचेवरचा डंख

आटपाडी, जिल्हा सांगली. डाळिंबाला हस्त बहर लागलाय आणि बांधाला मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या मांडल्यात. बागायतदाराला परागीभवन हवंय, मधपाळाला मध. आज मात्र काम तिसरंच आहे: माश्यांचं विष गोळा करायचं.

पेटीच्या दारात ही काच बसवली. काचेवर तारा, शेजारी बॅटरी. तारांमधून हलका प्रवाह थांबून थांबून सोडायचा. झटका लागला की माशी चिडून डंख मारते, थेट काचेवर. माणसाच्या कातडीत नांगी अडकून तुटते, माशी मरते. काचेत ती रुततच नाही. विष काचेवर सोडून माशी उडून जाते. आता हवेत पिकल्या केळ्यासारखा वास सुटलाय. हा माश्यांचा धोक्याचा इशारा. पुढचं चित्रण आम्ही जरा लांबून केलंय, ते त्यामुळेच!

विष काचेवरच वाळतं. मग बंद खोलीत, मास्क लावून, ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. पंख्याला सुट्टी, कारण ही भुकटी नाकात गेली की शिंका आवरत नाहीत. एका माशीकडे विष असतं साधारण 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमभर भुकटीमागे 10,000 डंख! बाटलीचा तळही झाकत नाही, पण मेहनत बघा.

यातला जवळपास निम्मा भाग मेलिटिन, पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं. दुसरं अपामिन, 18 अमिनो आम्लांचं, मज्जापेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा अडवणारं. म्हणूनच आमवात, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) यांवरच्या संशोधनात मधमाशीचं विष येतं. ऑस्ट्रियाचे डॉक्टर फिलिप टेर्च यांनी डंख आणि सांधेदुखीच्या संबंधावर 1888 सालीच लिहिलं होतं. आणि डंखाच्या जीवघेण्या ॲलर्जीवर याच विषाचे मोजून वाढवत नेलेले डोस डॉक्टर आजही देतात. तो उपचार पक्का आहे.

बाकी आजारांत अजून तसं नाही. नेदरलँड्समध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या 26 रुग्णांना डंख देऊन पाहिले, फरक पडला नाही. स्पेनमध्ये डंखाच्या उपचारात एक बाई दगावल्या.

भांगलायला आलेल्या या मावशी. त्यांची बोटं बघा.

“एक माशी बशीव की रं ह्या बोटावर.”

“मावशी, गळा सुजून श्वास कोंडला म्हंजे? आधी डॉक्टरला इचारा.”

मावशींना ते काही पटलेलं नाही.