शिलेदारांच्या घरी दत्तक आलेले तात्या

श्रोतेहो, नमस्कार.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न कधी ना कधी निघतोच : आपण इथं आलो कधी? उत्तरही ठरलेलं असतं, "गायकवाडांबरोबर." कुणी दमाजीरावांचं नाव घेतं, कुणी सयाजीराव महाराजांचं. या दोघांमध्ये शंभराहून अधिक वर्षं आहेत, आणि घराण्यातल्या कितीतरी पिढ्या त्या शंभर वर्षांत गडप झालेल्या असतात. आमच्या घरात असे गडप झालेले पुरुष म्हणजे तात्या. गायकवाड सरकारात शिलेदार होते, दांडिया बाजारात राहायचे, एवढंच ठाऊक. खरं नाव कुणालाच सांगता येईना. वंशावळ त्यांच्यापाशी येऊन थांबायची.

असा माणूस शोधायचा तर अलीकडून पलीकडे जायचं. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या राज्याला लावला. त्यामुळे त्या पिढीतल्या पोराचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडण्याची आशा धरता येते, आणि त्यापुढे बापाचं नावही असतं, घरातलं लाडकं नव्हे, कागदावरचं. आमच्या पणजोबांच्या नावापुढे तात्यांचं खरं नाव असंच मिळालं. ते वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.

नाव हाती आलं की जुनं दफ्तर उघडायचं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा स्वार. त्याला सरकारातून नेमणूक, म्हणजे ठरलेली रक्कम, मिळे. तो वारला की ती कुणाच्या नावे चालवायची, हा प्रश्न येई, आणि मग अर्ज, कैफियत, जबान्या, हुकूम. जिथं सरकारचा पैसा जातो तिथं कागद राहतो, हे शोधणाऱ्यानं पक्कं लक्षात ठेवावं. जन्माची नोंद नसेल, पण वारशाचं प्रकरण असू शकतं.

हे कागद मोडीत आहेत. मोडी शिकून घ्या, श्रोतेहो, अवघड वाटते तेवढी ती नाही. रोज थोडं वाचत गेलं की कारकुनाचं वळण ओळखीचं होतं. खरी अडचण तारखांची. जुन्या कागदांवर अरबी सन असतो, तोही आकड्यांत नव्हे, शब्दांत : "खमस सबैन मयातैन व अलफ". खमस पाच, सबैन सत्तर, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे १२७५. हा सन मृग नक्षत्रापासून, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की जून ते डिसेंबरचं इसवी साल येतं, जानेवारीपासून पुढं ६०० मिळवायचे. तर हा १२७५ म्हणजे १८७४-७५.

तात्यांचं प्रकरण नेमकं याच सनातलं निघालं. अर्ज एका विधवा बाईंचा. नवरा शिलेदार, मूलबाळ नाही, तरी मुलगा दत्तक घेऊन नेमणूक त्याच्या नावे चालवावी, अशी विनंती. मुलाचं पूर्वीचं नाव, जन्मदात्या बापाचं नाव आणि सातारा प्रांतातलं गाव खाली लिहिलेलं. हा मुलगा म्हणजेच आमचे तात्या. नाव बदललं, बापाचं नाव बदललं, आडनावही बदललं. आमची वंशावळ तिथंच का थांबत होती, याचा उलगडा एका पानावर झाला.

त्या वर्षी वडोदऱ्यात काय चाललं होतं पाहा. एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाले. २७ मे रोजी, म्हणजे तोच सन सरत असताना, खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळराव या मुलाला दत्तक घेतलं. तेच आपले सयाजीराव महाराज. त्यांच्या बापाचं नाव काशीराव, पण दत्तविधानानंतर ते खंडेरावांचे पुत्र झाले. उद्या कुणी फक्त गोपाळ काशीराव या नावानं त्यांचा पुढचा शोध घेऊ लागला तर त्याच्या हाती काय लागणार? राजघराण्याचा इतिहास छापला गेला म्हणून आपल्याला दोन्ही नावं माहीत. शिलेदाराच्या घरची दोन नावं मात्र दफ्तराच्या रुमालातच बांधलेली राहतात.

म्हणून पूर्वज अचानक नाहीसा झाला तर तो मेला किंवा गाव सोडून गेला असं लगेच धरू नका. दत्तकाचे कागद पाहा. बायकांची नावं वाचा, कारण असे अर्ज पुष्कळदा त्यांचेच असतात. आडनावं गुजरातीत लिहिताना बदलतात, हेही ध्यानात ठेवा. जाधवांचे जादव झालेले इथं ठायी ठायी दिसतात. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाल तेव्हा आपल्या तीर्थोपाध्यायांना वही उघडायला सांगा. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते पान काढतात. आमच्या शिलेदार घराण्याचं पान तिथं मिळालं, त्यावर तात्यांची मोडी सहीसुद्धा आहे.

राहिलं ते तात्यांचं जन्माचं घर. गावाचं नाव आता हाती आहे, आणि तिथल्या लोकांकडे विचारपूस सुरू केली आहे. सातारा-कराडकडून वडोदऱ्याला आलेली घराणी आपल्या श्रोत्यांमध्ये नक्की असतील. "आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ शिलेदारांकडे दत्तक दिला होता" असं तुमच्याकडे कुणी म्हणत असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला जरूर कळवा.