चौघींचे आवाज

नमस्कार श्रोतेहो.

महिला फुटबॉलमधल्या एका कामाबद्दल आज मला बोलायचं आहे. बचावाबद्दल. गोल करणारीचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी असतं, पण गोलरक्षकापुढे उभं राहून गोल होऊ न देणाऱ्या चौघींची नावं फार तर त्यांच्या संघातल्या मुली सांगू शकतात. बॅलन डी'ओर हा फुटबॉलमधला फार मोठा मान, २०१८ पासून तो महिला खेळाडूंनाही दिला जातो. २०२५ पर्यंत तो जिंकलेल्या सगळ्याजणी आघाडीच्या किंवा मधल्या फळीतल्या आहेत. बचावफळीतली त्यात एकही नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. चेंडू जिथं जाईल तिथं नजर जाणार, आणि बचावाचं निम्म्याहून जास्त काम चेंडूपासून लांब चालतं. ते दिसत नाही.

पण ऐकू येतं. म्हणून रेडिओवर हा विषय बोलायला मिळाला याचा मला आनंद आहे. ज्या सामन्याला फारशी गर्दी नाही, अशा सामन्याला मैदानाच्या कडेला उभ्या राहा, गोलच्या जवळ, आणि थोडा वेळ डोळे मिटून घ्या. "मागे!" "वेळ आहे, वळ!" "डावीकडे एक सुटलीय!" "माझा!" "चला वर, वर, वर!" असे आवाज सारखे येत राहतील. चांगल्या संघात ते थांबतच नाहीत, आणि संघ घाबरला की सगळ्यात आधी तेच बंद पडतात. गोलफलक न बघताही मला कळतं की या मुली आता गोल खाणार, कारण मैदान एकदम गप्प झालेलं असतं.

हे आवाज म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. जिच्या पायात चेंडू येतोय तिला स्वतःची पाठ दिसत नाही. "मागे!" म्हणजे तुझ्या पाठीला प्रतिस्पर्धी चिकटलीय, वळू नकोस, आला तसा चेंडू परत दे. "वेळ आहे" म्हणजे निवांत वळ, कुणी नाही. गोलरक्षकाला सगळं मैदान समोर दिसतं. तिच्या पुढच्या दोघी सेंटर बॅकना, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्यांना, तिच्यापेक्षा थोडं कमी, मधल्या फळीला त्याहून कमी. म्हणजे माहिती मागून पुढे सरकली पाहिजे. सगळ्यात मागे उभी असलेली मुलगी लाजाळू असेल तर पुढच्या दहाजणी आंधळ्या खेळतात.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. प्रतिस्पर्धी संघाची वेगवान विंगर कडेच्या रेषेनं चेंडू घेऊन येतेय. आपली राइट बॅक, म्हणजे बचावाची उजवी कड राखणारी, तिला सामोरी जाते. ती थेट पाय घालत नाही. अंग थोडं तिरकं ठेवून, लहान पावलं टाकत, तिला बाहेरच्या बाजूला ढकलत नेते. हिचं पहिलं काम चेंडू काढून घेण्याचं नाही, वेग मारण्याचं आहे. तिच्या मागे, तिरक्या रेषेत, सेंटर बॅक येऊन उभी राहते. किती अंतरावर? पहिली चकली तर लगेच पोचता येईल इतकी जवळ, पण एकाच हुलकावणीत दोघी बाद होणार नाहीत इतकी लांब. हे अंतर फूटपट्टीनं शिकवता येत नाही. समोरची किती वेगवान आहे, आपली सोबतीण किती चपळ आहे, यावर ते बदलतं. उरलेल्या दोघीही चेंडूच्या बाजूला सरकतात आणि लांबची कड जाणूनबुजून मोकळी सोडतात, कारण तिथं चेंडू जायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात परत सरकता येतं.

या सगळ्याची किल्ली एका वाक्यात आहे. सेंटर बॅक ओरडते, "मी आहे मागे, आत येऊ देऊ नकोस!" हे कानावर पडलं की राइट बॅक धीटपणे पुढे होते. नाही पडलं, तर ती स्वतःच्याच मागची जागा राखायला पाऊल पाऊल मागे सरते, आणि विंगर आरामात पेनल्टी क्षेत्रापर्यंत येते. खेळाडू त्याच, ताकद तीच, फरक फक्त त्या हाकेचा. संघभावना म्हटलं की आपल्याला सामन्यानंतरच्या मिठ्या आणि फोटो आठवतात. मला ही हाक आठवते. आपल्या पाठीमागे कोणीतरी आहे हे ऐकलेली मुलगी वेगळीच खेळते.

ऑफसाइडचंही तसंच. चेंडू पुढे खेळला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू चेंडूच्या आणि बचाव करणाऱ्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे, म्हणजे गोलरेषेच्या जास्त जवळ, असेल तर ती ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी. शेवटची बहुतेक वेळा गोलरक्षकच असते, म्हणून रेषा ठरते ती बचावफळीतल्या सगळ्यात मागे असलेल्या मुलीवर. तिघी वर आल्या आणि चौथी दोन पावलं मागे राहिली, तर तिघींची मेहनत वाया. म्हणून रेषेचा हुकूम एकीच्याच तोंडून यावा लागतो आणि त्या क्षणी तो निमूटपणे पाळावा लागतो. पटलं नाही तर मध्यंतरात बोला, हवं तर कडाक्यानं बोला. सरावात काही प्रशिक्षक चौघींच्या कमरेला खरोखर दोरी बांधून त्यांना एकत्र सरकायला लावतात. सुरुवातीला सगळ्या अडखळतात, एकमेकींवर आदळतात, हसतात. मग हळूहळू दोरीला हिसका बसेनासा होतो. तो सराव मला फार आवडतो.

आणि गोलरक्षक? गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. एवढं दार एकटीनं राखायचं नसतं. फटका बसणार असं दिसलं की बचावपटू एक बाजू अंगानं झाकते आणि दुसरी गोलरक्षकासाठी मोकळी ठेवते. कुठली झाकायची हे आधी बोलून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर दोघी एकाच बाजूला झेपावतात.

हे सगळं किती दूरवर नेता येतं, याचं उदाहरण २००७ मध्ये चीनमध्ये झालेल्या विश्वचषकात दिसलं. जर्मनीचा संघ सहा सामने खेळला, २१ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. एकही गोल न खाता विश्वचषक जिंकणं हे तोपर्यंत पुरुषांच्या किंवा महिलांच्या कुठल्याच संघाला जमलं नव्हतं. पहिल्या सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाला ११-० नं हरवलं, आणि लोकांच्या लक्षात तोच निकाल राहिला. मला मात्र शांघायमधला अंतिम सामना जास्त मोलाचा वाटतो. जर्मनी १-० नं पुढे असताना ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मारायला आली त्यांची सगळ्यात नावाजलेली खेळाडू, मार्ता. गोलरक्षक नादीन अँगररनं ती अडवली आणि पुढे सामना २-० नं जिंकला.

या अँगररची गोष्ट बचावफळीच्या मैत्रीशी थेट जोडलेली आहे. राष्ट्रीय संघाकडून ती पहिल्यांदा १९९६ मध्ये खेळली, पण पुढची कितीतरी वर्षं पहिली पसंती होती सिल्के रोटेनबर्ग. २००३ चा विश्वचषक जर्मनीनं जिंकला तेव्हाही अँगरर राखीवच होती. २००७ मध्ये रोटेनबर्ग दुखापतीनंतर परतली होती, संघातही होती, पण गोलमध्ये उभी राहिली अँगरर. जागा मात्र एकच. अनेक वर्षं एकीनं दुसरीला सराव द्यायचा, आणि मग एक दिवस उलट. दोघी गोलरक्षक रोज एकमेकींवर शेकडो फटके मारतात, एकमेकींच्या चुका सगळ्यांआधी त्यांनाच दिसतात, आणि खेळणार असते एकटीच. मैदानावरच्या कुठल्याही नात्यापेक्षा हे अवघड आहे असं माझं मत आहे. पुढे २०१३ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अँगररनं नॉर्वेच्या दोन पेनल्टी अडवल्या, आणि त्या वर्षीची फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू ती ठरली. त्या मानापर्यंत पोचलेली पहिली गोलरक्षक.

पण जर्मनी बलाढ्य संघ. माझ्या मनात घर करून आहे तो जमैकाचा संघ. २०१९ मध्ये तो पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला, कॅरिबियनमधला पहिलाच देश. तिथं तीन सामन्यांत त्यांनी १२ गोल खाल्ले. चार वर्षांनी, २०२३ च्या विश्वचषकाला त्या निघाल्या तेव्हा आपल्याला पुरेसं पाठबळ मिळत नाही, असं खेळाडूंना जाहीर पत्र लिहून सांगावं लागलं होतं. लोकवर्गणीतून पैसे उभे करावे लागले होते. गटात फ्रान्स आणि ब्राझील. कुणीच त्यांच्याकडून काही धरून चाललं नव्हतं.

पहिला सामना फ्रान्सशी, ०-०. सामन्याच्या शेवटी त्यांची कर्णधार आणि सगळ्यात मोठी गोल करणारी खादिजा शॉ लाल कार्ड मिळून बाहेर गेली, म्हणजे पुढच्या सामन्यालाही ती नाही. तो सामना पनामाशी होता. गोल कोण करणार? कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर, पुढे आली सेंटर बॅक ॲलिसन स्वॉबी, तिनं हेडर मारला आणि जमैका १-० नं जिंकली. विश्वचषकातला त्यांचा पहिला विजय एका बचावपटूच्या डोक्यावरून आला, हे मी कितीही वेळा सांगू शकते. तिसरा सामना ब्राझीलशी. ब्राझीलला जिंकावंच लागणार होतं, जमैकाला बरोबरी पुरणार होती. गोलमध्ये रिबेका स्पेन्सर, तिच्या पुढे सगळा संघ, आणि पुन्हा ०-०. ब्राझील स्पर्धेबाहेर. तीन सामन्यांत जमैकावर शून्य गोल. पुढच्या फेरीत कोलंबियाकडून ०-१ नं हार झाली, म्हणजे संपूर्ण स्पर्धेत त्यांच्यावर झाला एकच गोल.

ॲलिसनच्या शेजारी बचावफळीत होती शँटेल स्वॉबी, तिची सख्खी बहीण. बहिणी म्हणजे आपोआप जमणार असं कुणाला वाटेल, पण घरातली माया ऑफसाइडची रेषा राखत नाही. ती रेषा दोघींना इतर कुणाहीसारखी सरावातच कमवावी लागली असणार. आणि १२ वरून शून्यावर येणं हे दोघींचं कामही नव्हतं. फ्रान्स किंवा ब्राझीलसारखा संघ तासभर चेंडू फिरवत राहतो तेव्हा आघाडीच्या मुलींना स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत मागे धावावं लागतं, पुन्हा पुन्हा, आणि बहुतेक वेळा तिथं पोचल्यावर करायला काहीच नसतं, कारण चेंडू दुसरीकडे गेलेला असतो. ते धावणं कुठल्याच आकड्यात नीट बसत नाही. मागच्या चौघींना ते दिसतं, तेवढं पुरतं.

असंच एक काम म्हणजे कॉर्नरच्या वेळी गोलच्या खांबापाशी उभं राहणं. बहुतेक कॉर्नरला तिथं काहीही घडत नाही. २०१५ च्या विश्वचषकात अमेरिका विरुद्ध स्वीडन सामन्यात त्या जागी मेगन क्लिंगेनबर्ग होती, संघातल्या सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एक. गोलरक्षक होप सोलोला चुकवून चेंडू थेट जाळ्याकडे निघाला होता. क्लिंगेनबर्गनं उडी मारून तो डोक्यानं आडव्या दांड्यावर उडवला. सामना ०-० राहिला. त्या स्पर्धेत पहिल्या सामन्यात गोल खाल्ल्यावर पुढचे ५४० मिनिटं अमेरिकेवर गोल झाला नाही, आणि विश्वचषक त्यांनीच जिंकला.

आता गोल झाल्यावर काय, तेही बोलायला हवं, कारण गोल होतातच. बचावपटूची चूक सगळ्यांना दिसते. आघाडीची खेळाडू तीनदा चुकून चौथ्यांदा गोल करते आणि नायिका ठरते. मागच्या फळीतली नव्वद मिनिटं अचूक खेळून एकदा घसरते आणि तेवढंच लक्षात राहतं. चेंडू जाळ्यातून काढून मधोमध नेईपर्यंत जेमतेम अर्धा-एक मिनिट असतं. त्या वेळात जिच्याकडून चूक झाली तिच्यापाशी कुणी गेलं की नाही, हे मी नेहमी बघते. तिथं लांबलचक समजूत नको. "पुढचा चेंडू आपला" एवढं पुरे, आणि लगेच कामाचं काहीतरी सांगावं, "नऊ नंबर माझ्याकडे, तू सात घे." डोक्याला काम मिळालं की अपराधाची भावना थोडी मागे हटते. हात हवेत उडवून, सगळ्या मैदानाला दिसेल असा राग काढणारी सोबतीण मला कितीही चांगली खेळली तरी कर्णधार म्हणून चालणार नाही.

याचा अर्थ चूक झाकायची असा नाही. सामना संपल्यावर ती नीट उलगडायची, नाव घेऊन, समोरासमोर. कुठं उभी होतीस, काय ऐकलंस, काय ऐकायला हवं होतं. एकमेकींशी खरं बोलता येतं म्हणूनच तर त्या एकमेकींच्या भरवशावर पुढे धावू शकतात.

या भाषणाचं आमंत्रण मी एका कारणासाठी घेतलं. अनेक ठिकाणी नव्या मुलीला बचावात टाकतात, कारण तिला गोल करता येत नाही असं समजलं जातं. ती मुलगी तिथं शिक्षा झाल्यासारखी उभी राहते. तुम्ही प्रशिक्षक असाल तर कृपा करून असं करू नका. ज्या मुलीचं लक्ष खेळ वाचण्यात असतं, जिचा आवाज खणखणीत आहे, किंवा जिला तो सापडायला थोडी मदत हवी आहे, तिला मागे ठेवा आणि का ठेवलं ते तिला सांगा. सरावात दहा मिनिटं अशी खेळवा की बोलल्याशिवाय पास द्यायचाच नाही. पहिल्यांदा मुली लाजतील. लाजू द्या.

आणि तुम्ही स्वतः तीच मुलगी असाल, नुकतीच मागच्या फळीत आलेली, तर पुढच्या सामन्याआधी तुमच्या शेजारी खेळणारीला दोन गोष्टी विचारून घ्या: चेंडू तुला कुठल्या पायावर दिलेला आवडतो, आणि मी चकले तर तू कुठल्या बाजूनं येशील.

नमस्कार.