रॅम भरपूर, तरी प्रोग्राम का पडतो?

मित्रहो, मशीनमध्ये २५६ जीबी रॅम आहे आणि फोरट्रानचा प्रोग्राम सुरू होताच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून पडतो. अशा वेळी आधी रॅम नाही, स्टॅक, म्हणजे सबरूटीनच्या स्थानिक चलांसाठीची मर्यादित जागा, तपासायचा. लिनक्सवर त्याची मर्यादा बहुधा ८ एमबी, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट असते. सबरूटीनमधला १००० बाय १००० चा डबल प्रिसिजन (प्रत्येक आकड्याला ८ बाइट) ॲरे कंपायलरनं स्टॅकवर ठेवला, तर ८० लाख बाइट लागतात, कसाबसा मावतो. तोच १०२४ बाय १०२४ केला की नेमके ८३,८८,६०८ बाइट होतात आणि परतीच्या पत्त्यालाही जागा उरत नाही. चाचणीत सुरळीत चाललेला कोड ग्रिड जरासा वाढवताच पडतो तो यामुळे.

उपाय ‘युलिमिट -एस अनलिमिटेड’, म्हणजे स्टॅकची मर्यादा काढून टाकणं. ही कमांड ज्या शेलमधून प्रोग्राम चालवायचा तिथेच द्या, शेजारच्या टर्मिनलमध्ये दिलेली इथे लागू होत नाही. ओपनएमपी (एकाच प्रोग्रामचं काम अनेक थ्रेडमध्ये वाटण्याची पद्धत) असेल तर मात्र एवढ्यानं भागत नाही, उलट घोळ वाढू शकतो. जीफोरट्रान कंपायलरला ओपनएमपीचा पर्याय दिला की स्थानिक ॲरे स्टॅकवर जातात, आणि एक्स८६-६४ प्रोसेसरवर जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी ‘अनलिमिटेड’ दिसल्यावर नव्या थ्रेडला फक्त २ एमबी स्टॅक देते! म्हणून थ्रेडच्या स्टॅकचा आकार सांगणारं ओएमपी_स्टॅकसाइझ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्वतंत्रपणे ठरवा. ६४ एमबीपासून सुरुवात करा. खरं तर मोठे ॲरे ॲलोकेटेबल करून हीपवर (स्टॅकच्या मर्यादेबाहेरच्या मेमरीत) नेणं हाच पक्का इलाज.

दुसरा प्रकार जास्त फसवा. कित्येक तास चाललेला प्रोग्राम नुसता ‘किल्ड’ लिहून संपतो, एक्झिट कोड १३७. त्यातून १२८ वजा करा, उरतात ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेस तडकाफडकी संपवणारा सिग्नल. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘आउट ऑफ मेमरी’ आणि तुमच्या प्रोसेसचं नाव असेल, तर तो कर्नलनं मारला. मॅलॉकला, म्हणजे मेमरीच्या मागणीला, कर्नल सहसा होकार देतो, खरी पानं मात्र त्यात पहिल्यांदा लिहिताना देतो. ५०,००० बाय ५०,००० चा डबल प्रिसिजन मॅट्रिक्स म्हणजे २० अब्ज बाइट. ॲलोकेट झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

कर्नलचं व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी हे सेटिंग २ केलं तर नकार आधीच मिळतो. पण ओव्हरकमिट_रेशो (रॅमचा किती टक्के भाग द्यायचा) मुळात ५० असतो, त्यामुळे स्वॅप नसेल तर २५६ पैकी १२८ जीबीच हाती लागतात. तो आकडाही वाढवायला हवा.

सामायिक मशीनवर रॅमचा वापर रोखायला ‘युलिमिट -एम’च्या भरवशावर राहू नका, आजच्या लिनक्समध्ये तिचा काहीही परिणाम होत नाही. ‘-व्ही’ ही आभासी मेमरीची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी लागते आणि न वापरलेले पत्तेही मोजते. सीग्रुप (कर्नलनं एकत्र बांधलेला प्रोसेसचा गट) त्यातल्या सगळ्या प्रोसेसची खरी मेमरी एकत्र मोजतो, म्हणून ‘सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप -पी मेमरीमॅक्स=२००जी’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव, असं चालवा.

इन्फिनिबँड (क्लस्टरचं वेगवान नेटवर्क) असेल तर ‘युलिमिट -एल’, म्हणजे रॅममध्ये कुलूपबंद ठेवायच्या मेमरीची मर्यादा, अनलिमिटेड हवी. लॉगिनच्या मर्यादा ठरवणाऱ्या लिमिट्स.कॉन्फमध्ये लिहूनही जॉबला ती मिळत नाही, कारण नोडवर जॉब चालवणारा स्लर्म शेड्युलरचा स्लर्मडी हा सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीकडून सुरू होतो आणि सिस्टमडी ती फाइल वाचत नाही. स्लर्मडीच्या युनिट फाइलमध्ये लिमिटमेमलॉक=इन्फिनिटी लिहा, सेवा पुन्हा सुरू करा आणि खात्री लॉगिन नोडवर नव्हे, जॉबच्या आत करा.