आजीने आणलेलं दुपटं

नमस्कार श्रोतेहो. तान्ह्या बाळाच्या शीच्या जागेची दुखणी, हा आजचा विषय. घरात बाळ असेल तर यात लाजायचं काही नाही.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. रावेरकडची एक आजी सकाळच्या एसटीने दवाखान्यात आली. कडेवर आठ महिन्यांचा नातू, मागे माहेरपणाला आलेली लेक, रडून डोळे सुजलेले. आजीने पिशवीतून घडी केलेलं दुपटं काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. "डाक्टरीनबाई, दखा. पोऱ्याले काय व्हयनं?"

दुपट्यात बकरीच्या लेंड्यांसारखी टणक शी, आणि तिच्यावर दोऱ्याएवढी लालभडक रक्ताची रेघ. मला त्या आजीचं फार कौतुक वाटलं. बहुतेक जण घाबरून दुपटं धुऊन टाकतात आणि "खूप रक्त गेलं" एवढंच सांगतात. इथे रक्त शीच्या वरून लागलेलं होतं, आत मिसळलेलं नव्हतं. निम्मं निदान तिथेच झालं.

बाळाला आजीच्या मांडीवर निजवून जागा हलकेच फाकवली. नखाने ओरखडावं तशी बारीक चीर. हेच फिशर. खायला काय देता विचारलं, तर लेक गप्प. आजीने सगळं सांगितलं. अंगावरचं दूध तोडून म्हशीच्या दुधाची बाटली सुरू केलेली, येणारा-जाणारा बिस्किटाचा पुडा हातात देणारा, आणि शी होईना म्हणून शीच्या जागेत साबणाची कांडी.

या बिस्किटांचं मला खरंच वाईट वाटतं. केळीच्या मुलखात राहतो आपण, आणि बाळ बघायला जाताना मैद्याचे पुडे नेतो! चार पिकलेली केळी न्या ना. घरच्यांनाही होतील.

तर, शी कडक झाली की चीर पडते. चीर दुखते म्हणून बाळ शी धरून ठेवतं, आणि धरलेली शी आणखी कडक होते. म्हणून आधी शी मऊ करायची. पुन्हा सांगते, आधी शी मऊ करायची. अंगावरचं दूध परत सुरू केलं, वरण, शिजवलेली भाजी, पपई, घोटघोट पाणी दिलं. शी मऊ करायचं औषध दिलं. शीनंतर कोमट पाण्यात बसवून वर साधं व्हॅसलिन. साबणाची कांडी बंद. दोन आठवड्यांत चीर भरली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नको, आणि वर्षाच्या आत मध नको.

पुढे त्याच आजीने गल्लीतलं चार महिन्यांचं बाळ पाठवलं. निरोप होता, "ही चीर नाही, गाठ आहे." बरोबर ओळखलं होतं. शीच्या जागेशेजारी लाल, गरम, दुखरं गळू. वर्षाच्या आतल्या मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं. ते दाबायचं नाही, पोटीस बांधायचं नाही. या बाळाचं गळू फुटलं, बरं झालं, पुन्हा त्याच जागी पू आला. आतून कातडीपर्यंत बारीक वाट तयार झालेली. हाच फिस्टुला, भगंदर. एवढ्या लहान वयात बाळ खेळतं-पितं असेल तर घाईने कापाकापी करत नाहीत, तपासत राहतात. पुष्कळदा वाट आपोआप बुजते. याचीही बुजली. नाही बुजली तर छोटं ऑपरेशन असतं.

पण गाठीबरोबर ताप आला, बाळ दूध पिईना, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शी काळी झाली किंवा तिच्यात रक्त-शेम मिसळलेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर रात्र काढू नका. आणि दुपटं न धुता सोबत आणा.