काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब

श्रोतेहो, नमस्कार.

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी हिमोग्लोबिनच्या आकड्यावर जाते. आकडा कमी असला की 'रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या' असं कुणीतरी सांगतं आणि त्या महिनोन्‌महिने चालू राहतात. पण आकडा सांगतो ते रक्त किती कमी आहे एवढंच. का कमी आहे, हे पेशींच्या रूपावरून कळतं, आणि त्यासाठी कुणाला तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावं लागतं.

या तपासणीला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. काचपट्टीवर रक्ताचा लहानसा थेंब घ्यायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून तो एका दमात पसरायचा, वाळवायचा आणि लिशमन स्टेननं रंगवायचा. थराच्या सुरुवातीला पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, अगदी शेवटच्या टोकाला चपट्या होऊन बिघडलेल्या. पाहायचं ते त्या टोकाच्या जरा अलीकडे, जिथे पेशी सुट्या सुट्या दिसतात. निरोगी तांबडी पेशी गोल असते आणि तिचा मधला एक तृतीयांश भाग फिकट.

लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, फिकटपणा वाढत जातो आणि काहींची नुसती कड उरते. बी-१२ कमी असेल तर उलट: पेशी मोठ्या, अंडाकृती. शेजारी एखादी न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारची पांढरी पेशी दिसते, तिच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार भाग असतात, इथे सहा-सहा मोजता येतात. या रुग्णाला लोहाच्या गोळ्यांनी काय फरक पडणार? थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य रूपातही पेशी लहानच असतात, पण मध्ये ठिपका असलेल्या 'टार्गेट' पेशी दिसल्या की शंका येते आणि हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी पुढची तपासणी सांगता येते.

पावसाळ्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डेंगीत प्लेटलेट खरोखर घटतात, तो रिपोर्ट कधीही हसण्यावारी नेऊ नका. पण ताप नाही, अंगावर डाग नाहीत, रक्तस्राव नाही आणि मशीन मात्र तीस हजार दाखवतंय, असंही घडतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनच्या मोजणीतून सुटतात. स्मिअरच्या कडेला त्या गुठळ्या स्पष्ट दिसतात. मग सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजलं की बहुतेक वेळा खरा आकडा कळतो. रुग्णाच्या घरच्यांची रात्रभराची धावपळ त्यामुळे वाचते.

आता सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. १९०४ साली शिकागोत वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त पाहिलं, तर त्यात लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. तेव्हा त्या आकाराचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी दिसलं ते त्यांनी नेमकं लिहून ठेवलं. याचं मला फार मोल वाटतं.

हा आजार आपल्या दारातला आहे. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये अनेक घरांना सांधेदुखीचे ते जीवघेणे झटके माहीत आहेत. आजार असलेल्याच्या स्मिअरमध्ये वाकड्या पेशी दिसतात, आणि प्लीहा निकामी झाली असेल तर तांबड्या पेशींत गडद, गोल ठिपके, हॉवेल-जॉली बॉडीज. वाहकाचा, म्हणजे ज्याला स्वतःला आजार नाही पण जो तो मुलांकडे देऊ शकतो त्याचा स्मिअर मात्र बहुधा अगदी साधा दिसतो. तिथे डोळ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी आणि त्यानंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावीच लागते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून या भागातल्या तरुण-तरुणींनी लग्नाआधी ही तपासणी करून घ्यावी, आणि घरच्यांनी त्यांना त्यासाठी स्वतः सोबत घेऊन जावं.

नमस्कार.