कोठीतलं सोयाबीन, कढईतला टोफू

(दृश्य : कारंजा लाड. बाजार समितीचं आवार, सोयाबीनचे ढीग, हमाल, ट्रक.)

वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. दिवाळीच्या मागेपुढे या आवारात पाय ठेवायला जागा नसते. पोतं फुटतं, मूठभर दाणा हातावर घेऊन बघितला जातो, बोली लागते आणि माल ट्रकात चढतो. तिथून तेलगिरणीत. दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. तेल पिशवीत भरून गावच्या किराणा दुकानात परत येतं. प्रथिनं ढेपेत राहतात, आणि ती ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

२०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात बहुतेकांना तेवढाही मिळाला नाही.

(दृश्य : गावातलं घर. ओसरीवर सूप. दाणे पाखडणाऱ्या काकू, शेजारी त्यांच्या सासूबाई.)

पिवळं सोयाबीन विदर्भात जुनं नाही. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत त्यावर काम सुरू झालं. जबलपूरचंच जेएस ३३५ हे वाण १९९४ मध्ये आलं आणि इकडच्या शिवारात घट्ट बसलं. पीक आलं, पण ते रांधायचं कसं, हे त्याच्याबरोबर आलं नाही. ते ज्ञान चीनमध्ये होतं, सुमारे दोन हजार वर्षांपासून. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या लिऊ आन नावाच्या राजपुत्राने टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, शोधला, अशी तिकडची दंतकथा. पुढे तो जपानला गेला, कोरियाला गेला, इंडोनेशियाच्या घराघरांत पोचला. गरिबाचं रोजचं जेवण म्हणून. आपल्याकडे मात्र तो शहरातल्या काचेच्या फ्रिजमध्ये, महागडं लेबल लावून अवतरला!

आजीबाईंचं मत आधीपासून ठरलेलं आहे. "सोयाबीन का खाचं अस्ते बाप्पा? थे इकाचं."

आज अर्धा किलो विकायचं नाही, त्याचा टोफू करायचा. हमीभावाने धरलं तरी साडेचोवीस रुपयांचं. घरच्या पोत्यातलं, साधं. पेरणीच्या पिशवीत उरलेलं बियाणं चुकूनही घ्यायचं नाही; त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंग दिसतो तो त्याचाच.

(दृश्य : पातेल्यात भिजलेले दाणे. एक दाणा नखाने फोडलेला, अगदी जवळून.)

रात्रभर भिजलं. थंडीत दहा-बारा तास लागतात. दाणा दुपटीहून फुगतो, लांबट होतो. फोडून बघा : आतली बाजू सपाट आणि सगळीकडे एकाच रंगाची हवी. मधे खळगा किंवा गडद पिवळा ठिपका दिसला तर अजून तासभर. मग हाताने चोळायचं. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची. सगळी निघाली नाहीत तरी बिघडत नाही.

आता वाटण. गावात कुणालाही विचारा, सोयाबीन का खात नाही, तर उत्तर ठरलेलं : वास येतो. वास येतो हे खरंच आहे. दाणा गार पाण्यात वाटला की त्यातलं लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर तेलावर काम करायला लागतं आणि तो कच्चट वास सुटतो. उकळत्या पाण्यात वाटलं की विकर तिथल्या तिथे निकामी होतं. म्हणून चुलीवर आधण आधीच ठेवलंय. मिक्सरचं भांडं अर्धंच भरायचं, झाकण किंचित सैल, वर जाड फडकं. गच्च बंद केलं तर वाफ झाकण उडवते.

अर्धा किलोला सगळं मिळून चारेक लिटर पाणी.

(दृश्य : धोतराच्या फडक्यातून गाळणं. दोघी दोन टोकं धरून पिळतात.)

हे धोतर आजोबांचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं यासाठी सर्वांत चांगलं, नव्या कापडातून इतकं सरसर उतरत नाही. खाली दूध, वर चोथा. चोथा टाकायचा नाही. ज्वारीच्या पिठात कालवून, कांदा-तिखट घालून त्याची धपाटी होतात. ती आम्ही खाल्ली, चित्रित करायची राहिली.

(दृश्य : चुलीवर पातेलं. फेस वर येतो.)

आजी : "अवं, उतू चाललं नं!"

हा फेस फसवतो. दूध खऱ्या अर्थाने उकळायच्या आधीच तो काठावर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं. जाळ कमी करायचा, तळ खरवडत ढवळायचं आणि खरी उकळी आल्यावर पुढे दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक असतं, ते प्रथिनं पचू देत नाही. या टप्प्यावर घाई केली की पोट बिघडतं आणि नाव सोयाबीनचं खराब होतं.

पातेलं उतरवून चार-पाच मिनिटं थांबायचं. चीनमध्ये दूध फाडायला जिप्सम वापरतात. जपानमध्ये निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारं कडवट द्रव. इथे अंगणातलं कागदी लिंबू. चार लिंबांचा रस वाटीभर पाण्यात. एकदम ओतायचा नाही. तिसरा हिस्सा घाला, पळी एकदाच फिरवा, थांबा. पुन्हा तिसरा हिस्सा.

(दृश्य : पातेल्यात कण धरतात, पाणी निवळतं. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

पाणी पिवळसर, नितळ दिसलं की फाटणं पूर्ण. दुधाळ राहिलं तर आणखी थोडा रस. मग फडकं अंथरलेल्या चाळणीत ओतायचं, घडी घालायची आणि वर वरवंटा ठेवायचा. अर्ध्या तासाने वडी उलटते. पाऊण किलोच्या आसपास भरली. चव? अशी काहीच नाही. तीच तर सोय आहे, मसाला घालाल तसा तो वागतो.

(दृश्य : चूल. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, लोखंडी कढई.)

चिनी स्वयंपाकाला मोठा जाळ लागतो. तिकडच्या हॉटेलांत त्यासाठी खास शेगड्या असतात. घरच्या गॅसला तो जोर नाही. पण वाळलेल्या पऱ्हाट्या पेटल्या की जाळ कढईच्या काठापर्यंत चढतो. शेतात जाळून टाकतो त्याच या पऱ्हाट्या. तेल पुरतं तापू द्या. टोफूच्या फोडी कोरड्या पुसून टाका आणि हलवू नका. खालून लाल झाल्या की कढई आपोआप सोडते. त्या काढून त्याच तेलात ठेचलेलं आलं-लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, दोन भिवापुरी मिरच्या. दोन चमचे सोया सॉस. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून एक चमचा, तेवढ्याने रस चकाकतो. फोडी परत आत, हिरवी पात शेवटी. बसस्टँडवरच्या चायनीजच्या गाडीवर घालतात तो लाल रंग कशालाही लागत नाही.

दुसरी कढई भाताची. तांदूळ रेशनचा, भात कालचा. ताजा घेतला तर लगदा होतो, शिळ्याचा दाणा मोकळा सुटतो. इंडोनेशियात रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी नासी गोरेंग करतात. त्यांचा सॉस गोड आणि दाट असतो, ताडगुळाचा. इथे सोया सॉसमध्ये सुपारीएवढा गूळ विरघळवला. ते कोळंबीचा वाटलेला खारा गोळा घालतात. आठवडी बाजारातले सुके झिंगे भाजून, कुटून चिमूटभर घातले की काम भागतं. शाकाहारी घरात ते वगळा. वर एक अंडं.

(दृश्य : ओसरीवर पंगत. पोरं, शेजारच्या दोघी, शेवटी आजी. फक्त जेवतानाचे आवाज.)

आजी : "वास नाई येत नं पण." मग ताट पुढे करून, "आन अजून."

(दृश्य : फोडी पाण्याच्या डब्यात. पडद्यावर मजकूर, निवेदनासह.)

उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन-चार दिवस राहतो. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात तर दुपारचा संध्याकाळपर्यंतही ठेवू नका. गाळलेलं पिवळं पाणी भाकरीच्या पिठाला चालतं.